अंगठीची टकटक

“अज्जा, अंगठी!” माझ्या नातीनं, चंदनानं माझा हात मागे ओढला.

सवयीनं मी मत्स्यालयाच्या काचेवर टकटक केली होती. आत हातभर लांबीचा राखाडी मासा काचेपाशी आला, बोटभर अंतर राखून वळला, पलीकडे गेला आणि तिथंही तसाच वळला. काचेला त्याचं तोंड एकदाही लागलं नाही.

“त्याला काच दिसते काय की?” चंदना म्हणाली.

“दिसत नाही. ठाऊक आहे.”

शेजारी कन्नड पाटी होती. काचेवर वाजवू नका. मी ती आत येतानाच वाचली होती. चंदनानं मला सहासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकवली, तेव्हापासून दिसेल ती पाटी मी वाचतो. पण हात वाचायला थांबत नाही, तो आपला आधी जातो.

प्राणिसंग्रहालयातल्या पुरुषोत्तमानं अकरा वाजता बोलावलं होतं. तोवर वेळ काढायला आम्ही मासे बघत होतो.

चाळीस वर्षं मी बसवनगुडीत देवळाबाहेर पोपटाकडून भविष्य सांगत बसलो. शेवटची अकरा वर्षं गौरा होती. गिऱ्हाईक समोर बसलं की मी पत्त्यांच्या लाकडी पेटीवर अंगठीनं दोनदा टकटक करायचो. गौरा पिंजऱ्यातून चालत यायची, मान तिरकी करून थांबायची, चोचीनं एक पत्ता ओढून माझ्या हातात द्यायची. साळीचे दोन दाणे खायची आणि चालत परत आत जायची. पिंजऱ्याच्या दाराला कडी नव्हती. ते मी प्रत्येकाला मुद्दाम दाखवायचो. “बघा, आपल्या मर्जीनं राहते.” लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. मलाही.

मागच्या वर्षी शेंगांच्या जत्रेत, कडलेकाई परसेत, वनखात्याची माणसं आली. मी त्यांनाही ते दार दाखवलं. त्यांच्यातल्या एका पोरीनं गौराला हातात घेतलं, पंख उलगडला आणि कापलेल्या पिसांवरून बोट फिरवलं. “कडी इथं आहे की, अज्जा,” ती हळूच म्हणाली. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

ते गौराला घेऊन गेले आणि मी घरी बसलो. अक्षरं आली तसा पत्त्यांच्या मागचा मजकूर पहिल्यांदा वाचला. ज्या पत्त्यावर मी चाळीस वर्षं लोकांची लग्नं जमवत होतो, तिथं ‘प्रवासात सांभाळा’ असं छापलेलं निघालं. चंदना हसून हसून लोळली. “दोन्ही एकच की, अज्जा!”

अकराला पुरुषोत्तम आला. तो गवीपुरचा, आमच्याच लोकांतला. पक्ष्यांचं खाणंपिणं बघतो. लोकांना जाऊ देत नाहीत त्या मागच्या बाजूला त्यानं आम्हाला नेलं. तिथं जाळीचा लांबलचक पिंजरा होता आणि एका बाजूला हिरवं कापड लावलेलं होतं. आत वनखात्यानं माणसांकडून धरून आणलेले छत्तीस पोपट.

“आज डॉक्टर ठरवणार,” तो म्हणाला. “मी आत जाऊन नुसता उभा राहणार. जे माझ्यापासून लांब उडाले ते पुढच्या आठवड्यात रानात. जे माणसाजवळ आले ते इथंच, पुढच्या मोठ्या पिंजऱ्यात.”

“इथं राहिली तर मला बघता येईल?”

“रोज या की. मंगळवार सोडून.”

“आणि रानात गेली तर?”

“रानात कोण कुणाला बघतंय, अज्जा.” मग बोट रोखून म्हणाला, “कापडामागं उभं राहायचं. हाक नाही, शिट्टी नाही. खोकलासुद्धा गिळायचा. सरी?”

“सरी,” मी कबूल केलं.

तो गेल्यावर चंदना कुजबुजली, “इथं राहिली तर बरं की. रानात घारी असतात. आपण दर रविवारी येऊ. मी आणते तुम्हाला.”

माझ्याही मनात तेच होतं. रात्रभर तेच होतं.

कापडाच्या फटीतून मी पाहिलं. छत्तीसही हिरवे. पण खालच्या फांदीवर एकीच्या डाव्या पायाच्या एका बोटाला नख नव्हतं. तीच माझी गौरा. पिसं पुरी वाढली होती. शेपटी माझ्याकडं होती तेव्हापेक्षा लांब दिसत होती.

डॉक्टर कागद घेऊन जाळीबाहेर उभे राहिले. पुरुषोत्तम आत शिरताच कल्लोळ झाला आणि पोपट दूरच्या टोकाला उडाले. गौरा राहिली. तिनं हिरव्या कापडाकडं पाहिलं. मग चोच आणि पाय टेकत जाळीवरून खाली उतरली, जमिनीवर चार पावलं चालली आणि मान तिरकी करून थांबली.

ती टकटक ऐकायला थांबली होती.

माझ्या हाताशी लाकडी खांब होता. दोनदा वाजवलं की ती येणार, डॉक्टर कागदावर खूण करणार, आणि माझे डोळे आहेत तोवर गौरा मला दिसणार. बोट खांबाकडं निघालंच होतं. मी दुसऱ्या हातानं अंगठी धरली. सांधे सुजलेले, निघेना. थुंकी लावून पिळून काढली आणि खिशात टाकली.

गौरानं एक वाळकं पान उचललं. चोचीत धरून उभी राहिली. पान घ्यायला कुणाचा हात आला नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिनं पान टाकलं.

पुरुषोत्तमानं पाय हलवला तशी ती उडाली. आधी खालून, वाकडी, जाळीला घासत. मग वर, दूरच्या टोकाला, बाकीच्यांत. ओलं फडकं झटकावं तसा आवाज झाला. अकरा वर्षांत तिच्या पंखांचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

डॉक्टर लिहून निघून गेले. पुरुषोत्तम बाहेर आला. “तुमची कुठली होती?”

“ओळखू आली नाही. सगळे हिरवेच.”

त्यानं माझ्या बोटाकडं पाहिलं. सालटं निघून तिथं रक्त आलं होतं.

“सरी, अज्जा,” तो म्हणाला आणि पाण्याची बादली उचलून आत गेला.

परतीच्या बसमध्ये चंदनानं खिडकीची जागा मला दिली. सिग्नलला बस खूप वेळ थांबली. माझं बोट खिडकीच्या गजावर दोनदा आपटलं.

आवाज झाला नाही.