सहादेवने ठोकलेली पेटी

सहादेवने चिमण्यांसाठी केलेली पेटी बघून अख्खी गल्ली हसली होती. एमआयडीसीतल्या कंपनीत जन्मभर मशिनांचे खोके ठोकलेला माणूस तो, त्याच्या हातून नाजूक काही व्हायचंच नाही. जाडजूड फळ्या, चहूबाजूंनी खिळेच खिळे आणि पुढं एक गोल भोक. सुकन्या तेव्हाच म्हणाली होती, "काका, वरचं झाकण उघडतं ठेवा. नंतर साफ करता येतं."

"चिमनीचं घर हाय ते, कपाट न्हाई सारखं उघडून बघायला," असं म्हणत त्याने झाकणाला आणखी दोन खिळे मारले.

सुकन्या सावेडीतल्या एका शाळेत शिकवायची. शहरातल्या पाखरांसाठी धडपडणारी माणसं तिने जमवली होती आणि त्यांत सगळ्यांत म्हातारे म्हणजे सहादेव आणि त्याची बायको केशरबाई. जामखेडकडून पोटासाठी नगरला आलेलं जोडपं, मूलबाळ नाही. गॅलरीत पेटी टांगल्यावर सहादेव रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचा. चिमणी काही फिरकली नाही. दिवाळीच्या तोंडावर छातीत कळ आली आणि सहादेवच गेला.

मग आली संक्रांत. नगरला त्या दिवशी आभाळ दिसत नाही, इतके पतंग. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे म्हणतात, पण ज्याला हवा त्याला तो मिळतोच. पतंग उडवणारे तिळगूळ खाऊन मोकळे होतात, मांजा मात्र झाडांवर लोंबत राहतो आणि पुढं कित्येक दिवस त्यात पाखरं अडकून मरतात. सुकन्याची माणसं बांबूला आकडी बांधून तो उतरवत हिंडायची. रिकामं घर केशरबाईला खायला उठायचं, म्हणून तीही इरेला पेटल्यासारखी रोज जायची. बोटं चिरली तरी चिंधी गुंडाळून पुन्हा हजर.

उतरवलेला मांजा त्याच दिवशी कात्रीने बारीक कापायचा आणि गोणीचं तोंड शिवून टाकायचं, हा सुकन्याचा नियम. केशरबाईने तो मोडला. मार्चमध्ये शाळेत चिमण्यांचा कार्यक्रम होता. तिथं पोरांसमोर सगळा मांजा सबंध ओतायचा, असं तिने मनाशी घेतलं होतं. किती गळे कापतो हा, ते दिसू दे त्यांना. गोणी गॅलरीच्या कोपऱ्यात होती. रोज भर पडायची म्हणून तोंड उघडंच.

आणि त्याच दिवसांत चिमण्या आल्या. माणूस गेल्यावर! देवाला वेळेचं भान नसतं, दुसरं काय म्हणायचं.

केशरबाई तेव्हा सहादेवच्या सदऱ्यांची गोधडी शिवत होती. चिमणीला घरट्यासाठी लागतील म्हणून दोऱ्यांचे तुकडे तिने कठड्यावर ठेवले. मादी चोचीत तांबडा दोरा धरून भोकात शिरली, तेव्हा केशरबाईला भरून आलं. "बघा," ती भिंतीवरच्या सहादेवच्या फोटोकडे बघून म्हणाली, "तुमच्या सदऱ्याची गादी करत्यात." पुढं पेटीतून चिवचिवाट सुरू झाला आणि तिच्या जिवाला एकच ध्यास लागला. सहादेवच्या घरातून पिल्लं उडालेली बघायची.

एका सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली तर भोकाखाली एक पिल्लू एका पायाने उलटं लोंबकळत होतं. मादी चोचीत अळी घेऊन त्याच्याभोवती भिरभिरत होती. केशरबाई स्टुलावर चढली, तिने दोरा धरून ओढला. दोरा तुटला नाही, तिच्याच बोटात शिरला. हातानेच ओळखलं, हा गोधडीचा दोरा नाही. आणि ओढल्याबरोबर आतूनही केविलवाणा आवाज आला. सगळी एकाच मांज्यात गुंतली होती.

फोन केल्यावर सुकन्या कात्री घेऊन धावत आली. पिल्लाचा पाय सोडवला, पण भोकातून हात काही आत जाईना. "मावशी, पेटी फोडावी लागेल."

केशरबाईने सहादेवचाच हातोडा आणला. पेटी खाली घेतली आणि झाकणावर घाव घालू लागली. एकही खिळा हलेना. घावागणिक आतला आवाज बारीक होत गेला.

"एवढं कशाला ठोकलं हो?" ती रडत ओरडली. "कुनासाठी एवढं ठोकलं?"

फळी निघाली तोवर आत सगळं शांत झालं होतं. सदऱ्याच्या तांबड्या दोऱ्यांत हिरवा मांजा पिळला होता आणि त्यात तीन पिल्लं एकमेकांना आवळून पडली होती. पाय सोडवलेल्या पिल्लाने केशरबाईच्या ओंजळीत दोनदा चोच उघडली, मग तेही थांबलं.

सुकन्याची नजर कोपऱ्यातल्या गोणीवर गेली. गोणीच्या तोंडातून हिरवी टोकं बाहेर ओढलेली होती. तिने मान फिरवली. "शहरभर मांजा आहे, मावशी. कुठूनही आणला असेल."

"शहरभर हुता, पोरी," केशरबाई म्हणाली. "मीच येचून येचून त्यांच्या दारात आनून ठिवला."

पिल्लं तिने कुंडीतल्या तुळशीखाली पुरली. मग गोणी पुढ्यात ओढून मांजा बारीक बारीक कापत बसली. सुकन्या शेजारी बसून होती.

मादी पुन्हा आली. पेटी टांगलेली असायची त्या रिकाम्या खिळ्यावर बसून, चोचीत अळी धरून, इकडंतिकडं मान वळवत राहिली. केशरबाईला वर बघवेना.

"जा गं बाई," ती खालमानेनेच म्हणाली. "घरी कुनी न्हाई आता."