पक्की शिवण

"काकू, पुढची शिवण कच्ची घाला हं," शिंपीमास्तरांनी बजावलं होतं. "अनावरणाला साहेबांनी दोरी ओढली की सर्रकन उसवली पाहिजे. नाहीतर तेही पुतळ्यासारखे उभे राहतील!"

काकू हसल्या होत्या. मग शिडीवर चढून, पुतळ्याला गुंडाळलेलं कापड त्यांनी दुहेरी दोऱ्याने, टाक्याला टाका लावून पार चौथऱ्याच्या तळापर्यंत शिवून टाकलं.

त्या दगडी सैनिकाच्या चौथऱ्यावर सतरा नावं होती. तेरावं काकूंच्या लेकाचं. चार वर्षांपूर्वी लेक लढाईत बेपत्ता झाला. पत्र आलं, देह आला नाही. देह नाही तर मरण कसलं? रोज सकाळी देवापुढे हात जोडून त्या त्याचं येणंच मागत. आज कापड उतरलं, नाव सगळ्यांनी वाचलं, की मागायलाही काही उरणार नव्हतं.

साहेबांनी दोरी ओढली. कापड नुसतं थरथरलं. पुन्हा ओढली. बँडने तीच धून परत धरली.

"पुतळा लाजतोय वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मास्तर धावले, शिवण चाचपली आणि पांढरेफटक पडले. "काकू, बारा वर्षांत तुमचा टाका चुकला नाही हो!"

"आजही नाही चुकला, मास्तर."

मास्तरांनी खिशातून कात्री काढली. पण शेजारी उभ्या काकूंच्या सुनेने ती त्यांच्या हातातून घेतली आणि काकूंपुढे धरली.

"आई, कापा."

"तूच काप. तुलाच घाई झालीय." बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली.

सून रागावली नाही. "कडी वाजली की चार वर्षं मी धावत दार उघडतेय, आई. आता पाय उचलत नाहीत. निदान त्यांच्या नावाला तरी कुठे टेकू द्या."

काकू कात्री घेऊन गुडघ्यांवर बसल्या. खालून एकेक टाका तोडत गेल्या, हात पुरेल तिथवर. उरलेली शिवण साहेबांच्या हिसक्याने उसवली आणि सगळं कापड धप्पकन काकूंच्याच अंगावर आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आई, बाहेर या," सून हाका मारत होती.

कापडाखाली अंधार होता. काकूंनी बोटांनी चौथऱ्यावर कोरलेल्या नावांच्या ओळी मोजल्या. तेरावी सापडली, तशी त्यांनी ती तळहाताने घट्ट झाकून धरली.