पहिलं दुकान नजीरभाईंचं

मी एक सागवानी बाक बोलतोय. दारव्हा रस्त्यावरच्या निंबाखाली बरीच वर्षं उभा आहे. एक पाय मोडलाय, तिथे वीट लावली आहे.

बोरी अरब गावच्या सुताराने मला घडवलं ते नजीरभाईंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी. पुढे नजीरभाई चार वेळा नगराध्यक्ष झाले, तरी सकाळी पालिकेत जायच्या आधी माझ्यावरच बसायचे. हाताला ग्रीस, खिशात शिक्का. साहेबांसमोर चाचरणारी माणसं माझ्यावर टेकली की घडाघडा बोलायची.

मग एक दिवस शाळेतून येणारी निकिता नावाची गावातली मुलगी याच अरुंद रस्त्यावर ट्रकखाली सापडली. तिचा पाय गेला. नजीरभाई दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्ता रुंद करायचं ठरवलं. अठरा दुकानं जाणार होती.

शेजारचे मारोतराव शिंपी रडत आले. "भाऊ, तीस वर्षांचं दुकान हाय. माह्यंच काहून?"

"पहिले माह्यं पडंल, मारोतराव. मंग तुमचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला उचलून निंबाखाली आणलं आणि जेसीबीवाल्याला म्हणाले, "चालव." त्यांच्या पत्नी फरहानाभाभी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. भिंत कोसळली तेव्हा नजीरभाई माझ्यावर बसले. दुपारी मारोतरावांनी आपल्या दुकानाची पाटी स्वतःच उतरवली.

रस्ता झाला. पुढच्या निवडणुकीत नजीरभाई एकसष्ट मतांनी पडले.

आठवडाभर इकडे कोणी फिरकलं नाही. ते मात्र रोज यायचे. आठव्या दिवशी गावातल्या विमलताई अर्ज लिहून घ्यायला कोरा कागद घेऊन आल्या.

"ताई, मी आता नगराध्यक्ष नाही."

"मंग का तुमाले लिहिता येत नाही?"

नजीरभाई किती दिवसांनी हसले! त्यांनी पेन काढलं. त्यानंतर अकरा वर्षं ते लोकांचे अर्ज लिहीत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्या दिवशी बाजार बंद होता, कोणी न सांगता.

आता इथे लोखंडी बाक येणार म्हणतात. येऊ द्या, मी थकलोय. पण अजूनही सकाळी माणसं हातात कागद घेऊन येतात, रिकामी जागा पाहतात नि परत जातात. माझ्यावर नाही तर त्या नव्या बाकावर, पण तुमच्यापैकी कोणीतरी रोज पेन घेऊन घटकाभर येऊन बसा रे.