दीड मीटर आणि अखंड रेषा

तुम्ही दीड मीटर म्हणालात आणि हात झटकून मोकळे झालात. सायकलवाल्याच्या शेजारून गाडी पुढे काढायची तर मध्ये दीड मीटर जागा सोडा, असा कायदा केलात. घाटाच्या तोंडाशी पाटी ठोकलीत, पाटीखाली उभे राहून फोटोही काढून घेतलेत. पण तो घाट किती अरुंद आहे हे बघायला तुमच्यातला एकही जण गाडीची काच खाली करेना. केली असती तर दिसलं असतं, की ट्रक आपल्या बाजूला राहिला तर सायकलला वीतभर जागा उरते. दीड मीटर सोडायचं तर मधली अखंड पांढरी रेषा ओलांडलीच पाहिजे. समोरून कुणी येत नसेल तर ती ओलांडायची मुभाही तुम्हीच दिलीत. कुठे? कायद्याच्या आतल्या पानात. पाटीवर नाही.

रेमेईचा बाप त्या आतल्या पानात सापडला.

रविवार होता. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या मागचे डोंगर, संत्र्यांच्या बागा खाली राहिलेल्या, वर बदामाची झाडं आणि दगड. सायकल क्लबातली मंडळी पुढे निघून गेली होती, वरच्या गावातल्या बारमध्ये पोचून सॉसेज भरलेल्या हातभर पावांवर तुटून पडलीही असतील. मागे राहिले होते दोघंच, रेमेई आणि तिचे वडील किको. किकोंनी उभा जन्म फरशांच्या भट्टीत काढला. हिवाळ्यात हृदयाच्या ऑपरेशनला छाती फाडून घेतल्यावर सायकलवर हा पहिलाच घाट. डॉक्टर म्हणाला होता, जमेल तेवढं चालवा. घरात बसून म्हातारा वाळत चालला होता. आज वर पोचला तर पुन्हा माणसात येईल, एवढीच रेमेईची आशा. म्हणून ती पुढे राहून वारा आपल्या अंगावर घेत होती आणि बाप तिच्या मागच्या चाकाला लागून चढत होता.

"बाबा, दम लागला?"

"तुझ्या आईनं विचारायचं ते तू कशाला विचारतेस? चालव."

"उतरून चालू या का थोडं?"

"चालायला मी काय तीर्थाला निघालोय? वर बारमध्ये त्या हावऱ्या ब्लाईनं माझ्या वाट्याचे शेंगदाणे संपवले असतील, त्याची काळजी कर."

ती हसली. तेवढ्यात मागून गिअर टाकल्याचा आवाज आला. जड गाडी. उजव्या हाताला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा, कठड्याच्या पलीकडे दरी. डावीकडे ती पांढरी रेषा आणि रेषेपलीकडची बाजू मोकळी. वळणापर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं, समोरून चिटपाखरू येत नव्हतं.

"बाबा, थोडे मध्ये या. कडेला जाऊ नका. मध्ये राहिलात तर तो रेषेपलीकडूनच जाईल."

"अगं, त्याला कामं असतील. रविवारी कोण हौसेनं ट्रक चालवतं?"

"असू देत कामं. मध्ये या!"

किको मध्ये आले नाहीत. त्यांच्या पिढीची रीतच तशी. सायकलवाला म्हणजे रस्त्यावरचा पाहुणा. मागे गाडी आली की कडेला सरायचं, डावा हात करून 'जा बाबा पुढे' म्हणायचं आणि गाडी गेली की वर मान तुकवायची. क्लबातली तरणी पोरं त्यावरून त्यांना 'रस्त्याचे यजमान' म्हणून चिडवायची. रेमेई किती वेळा भांडली होती. ऐकतील तर ते किको कसले!

ट्रक जवळ आला. इंजिन त्यांच्याच वेगाने घरघरू लागलं. हॉर्न नाही. हॉर्न दिला असता तर बरं, असं रेमेईला वाटलं. नुसती ती घरघर पाठीच्या कण्यातून चढत होती. तिने खांद्यावरून पाहिलं. बापाचा चेहरा लाल झालेला, सायकल डुगडुगतेय आणि डावा हात वर गेलाय.

"हात खाली घ्या, बाबा! हात खाली!"

हात हलला. जा, जा.

ट्रकने वेग घेतला. रेमेईने पुढचं टायर पाहिलं. ते रेषेला चाटत होतं, पण रेषेवर चढत नव्हतं. पलीकडे अख्खी बाजू रिकामी आणि तो त्या चार बोटं जाडीच्या रंगाला भिंत समजून इकडे चेपत होता. मग तिला दिसायचं बंद झालं, कारण ट्रकची लोखंडी भिंत तिच्या कोपराजवळून सरकायला लागली. सरकतेय, सरकतेय, संपेचना. तिने हँडल आवळलं. वाऱ्याने तिला आधी बाहेर ढकललं, मग आत ओढलं. मागे दगडावर धातू खरवडल्याचा आवाज झाला आणि नंतर काहीच नाही.

किको कठड्यावर आडवे पडले होते. अर्धे इकडे, अर्धे दरीकडे. रेमेईने त्यांच्या जर्सीची पाठ दोन्ही मुठींत धरून त्यांना रस्त्यावर ओढलं. खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं. त्यांनी उजवा हात छातीच्या टाक्यांवर घट्ट धरला होता.

"फुटले का गं टाके?"

"नाही. बोलू नका."

ट्रक पुढे थांबला होता. ड्रायव्हर धावत आला. फेरान त्याचं नाव, तिशीतला, वीटभट्टीचा माल नेणारा.

"आजोबा! मी शिवलोसुद्धा नाही हो! यांनीच हात केला, जा म्हणून!"

"पलीकडून का नाही गेलास?" रेमेई ओरडली. "मोकळी होती ना ती बाजू!"

"अखंड रेषा आहे ताई! शाळेपासून घोकलंय, अखंड रेषा म्हणजे भिंत. लायसनचे गुण कापले आणि लायसनच गेलं तर पोराबाळांना काय घालू?"

"सायकलवाला असेल तर ओलांडता येते!"

"कोण म्हणतं?"

"कायदा म्हणतो!"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

हे तो उलट उत्तर म्हणून म्हणाला नव्हता. खरंच विचारत होता.

अँब्युलन्स आली, तिच्यामागे गस्तीची गाडी. पोलीस तरुण, दाढी कोरलेली. त्याने ट्रकची बाजू न्याहाळली, किकोंची सायकल न्याहाळली.

"धक्का लागलेला नाही."

"ट्रकच्या वाऱ्याने पाडलं साहेब. वीतभरही जागा नव्हती," रेमेई म्हणाली.

"ते कुणी मोजलं? मी पाहिलं नाही. शिवाय हात यांनीच केला."

स्ट्रेचरवरून किको पुटपुटले, "केला साहेब, मीच केला. पोराला सोडा. त्याचा दोष नाही."

"बाबा, गप्प बसा!"

"पन्नास वर्षं हात करतोय गं. आजवर सगळे नीट गेले."

रेमेईला रडू फुटणार होतं, ते तिने दातांखाली दाबलं. या माणसाला ती पुन्हा सायकलवर बसवणार होती. आता तो बसेल का? आणि बसलाच तर ती त्याला कोणत्या तोंडाने घाटात आणेल?

अँब्युलन्सचं दार लागलं; निघण्याआधी आत किकोंचा खांदा बांधत होते. तेवढ्यात वरच्या वळणावर रंगीत ठिपके दिसले. क्लबातली मंडळी बाप-लेक का आले नाहीत ते बघायला खाली येत होती. आणि खालून सायकलवाल्यांचा दुसरा एक घोळका वर चढत होता, पोरंपोरी, जोडीजोडीने. तो ट्रकला मागे टाकून पुढे गेला.

फेरानने टोपी काढून घाम पुसला. त्याला त्याच वाटेने वर जायचं होतं, त्या घोळक्याच्या मागून.

"साहेब," तो म्हणाला, "ते बघा, पुढे गेले. वरचे आले-गेले की बाजू मोकळीच आहे. मी आता रेषा ओलांडून जाऊ की ओलांडू नको?"

पोलीस जरा खाकरला. "परिस्थिती बघून ठरवायचं असतं."

"परिस्थिती तुमच्या डोळ्यांसमोर आहे," रेमेई म्हणाली. ती फेरानच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "रस्ता हा, रेषा ही, माणसं ती."

"मॅडम, मी वर विचारून सांगतो."

"वर कुणाला? ज्यांनी पाटी लावली त्यांना? विचारा. आत्ता विचारा, आम्ही इथेच उभे आहोत. पण आम्हाला कागद नको, परिस्थितीही नको. या माणसाने ओलांडायची की नाही? हो की नाही, बोला."