दाढीच्या वेळचं हिब्रू

“काका, हे काय आहे?” स्पीच थेरपिस्टने चित्र वर धरलं.

“ता,” तो म्हणाला.

“कप. म्हणा बरं, क…”

“ता. ता ता!” त्याने डावा हात झटकला आणि चित्र जमिनीवर जाऊन पडलं.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोने ते उचलून दिलं. कप त्याला कळत होता याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. कळत नसता तर माणूस एवढा चिडला असता कशाला?

पक्षाघाताचा झटका आल्याला आता बरेच महिने झाले होते. उजव्या पायात थोडाफार जोर परतला होता, उजवा हात लुळाच होता, आणि वाचा गेली ती गेलीच. पाणी हवं असलं तरी ता, खिडकी बंद कर म्हणायचं असलं तरी ता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी करून रविवारी चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेणारा, एकेका शब्दावर तासभर बोलणारा माणूस. बोलायला लागला की पोरं घड्याळं बघायची. आता त्याच्यापाशी एवढं एकच अक्षर उरलं होतं.

थेरपिस्ट वयाने लहान होती, पण आडपडदा ठेवणारी नव्हती. तिने पिशवीतून एक पाटी काढली. पाटीवर छोटी छोटी चित्रं होती : पाणी, ताट, संडास, दुखणारं डोकं.

“काकू, खरं सांगते. यापुढे शब्द येतीलच असं मला वाटत नाही. काकांना या पाटीची सवय लावू या. हवं त्यावर बोट ठेवायचं.”

“राहू दे ती पाटी,” बायको म्हणाली. “दुसरं काही नाही का?”

“कधी कधी पाठ असलेलं येतं. गाणं, पाढे, प्रार्थना. ते डोक्यात वेगळ्या वाटेने साठलेलं असतं. पण काकांना गाणी येत नाहीत म्हणालात, आणि पाढे नि चर्चमधली प्रार्थना आपण करून बघितली.”

नवऱ्याला पाठ काय होतं ते बायकोला त्या क्षणी लख्ख आठवलं होतं, आणि त्यातलं तिला स्वतःला ओ की ठो येत नव्हतं.

रोज सकाळी दाढी करताना तो हिब्रूतल्या दोन ओळी म्हणायचा. तरुणपणी एका म्हाताऱ्या ज्यू घड्याळवाल्याकडे जाऊन तो ती भाषा शिकला आणि स्तोत्रांमधल्या या दोन ओळींपाशी जो अडकला तो अडकलाच. पहिल्या ओळीत डोंगरांकडे डोळे लावलेला माणूस आहे. तिचं जुनं भाषांतर वाचून लोकांना वाटतं, मदत डोंगरांतून येते. तसं नाही, तो प्रश्न आहे, मूळ शब्दच ‘कुठून’ असा आहे, उत्तर दुसऱ्या ओळीत येतं, हे तो जेवताना सांगायचा, पाहुण्यांना सांगायचा आणि कोणी नसलं की बायकोला सांगायचा. ती लोकांचे पडदे शिवायची. गल्लीत तिला सगळे पडदेवाल्या बाई म्हणत. तोंडात टाचण्या धरून ती “हं” म्हणायची आणि मशीन चालवायची. हिब्रूला ती ‘माझी सवत’ म्हणत असे. तो हसायचा आणि म्हणायचा, “अगं, एकदा ओळख तर करून घे तिची.” त्या ‘अगं’साठी आता तिचा जीव तळमळत होता.

त्याच संध्याकाळी लेकीने मोबाइलवर त्या दोन ओळींचं गाणं शोधून बापाच्या कानाशी लावलं. वाद्यं होती, गाणारा गोड होता. बापाने तोंड फिरवलं.

“ही ह्यांची चाल नव्हे,” आई म्हणाली. “मीच शिकते.”

“या वयात? आई, उलटीकडून वाचतात ते!”

“उलटीकडून कापड शिवते ना मी रोज? वाचेन.”

आणि तिने चंग बांधला. नवऱ्याच्या कपाटातून अक्षरओळखीचं पुस्तक काढलं, दोन ओळी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवून मशीनसमोरच्या भिंतीला टाचणीने लावल्या. दिवसा पडद्यांच्या चुण्या घालताना नजर त्या कागदावर. दोन अक्षरं इतकी सारखी की एकाच्या कोपऱ्याला गोलाई आणि दुसऱ्याला टोक, एवढाच फरक. पहिल्या आठवड्यात तिच्या नाकी नऊ आले. एका गिऱ्हाइणीचा पडदा वीतभर आखूड झाला, तो बदलून द्यावा लागला. तरी तिने कागद काढला नाही. चाल तिला शिकावी लागलीच नाही. ती इतकी वर्षं कानात पडून होती, तिच्यावर फक्त शब्द बसवायचे होते.

आता त्याची दाढी तीच करायची. एका सकाळी न्हाणीघरात आरशासमोर त्याला स्टुलावर बसवून, गालांना साबण लावून तिने सुरू केलं.

“एस्सा एनाय एल हेहारीम…”

त्याचे डोळे मोठे झाले. तिच्याकडे त्याने असं पाहिलं की तिच्या हातातला ब्रश थांबला. मग त्याने मान हलवली, पुढे म्हण, पुढे म्हण.

“…मेआयिन यावो एझ्री. एझ्री मेइम…”

यानंतर देवाचं नाव होतं, चार अक्षरांचं. तिने ते अक्षर अक्षर लावून बसवलं होतं आणि खणखणीत उच्चारलं. त्याबरोबर त्याचा डावा हात वर आला आणि तिच्या तोंडावर बसला. साबण तिच्या ओठांना लागला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्या शब्दापाशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आई, बाबांना त्रास होतोय,” लेक म्हणाली. “पुरे कर आता. ती पाटी काय वाईट आहे?”

“माझं काहीतरी चुकतंय. ते चूक दाखवतायत, त्रास नाही होत.”

“आणि चूक सापडली तर बोलतील?”

“ते सापडल्यावर बघू,” आई म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

म्हातारा घड्याळवाला केव्हाच वारला होता. दुकान त्याची मुलगी चालवायची. डोळ्याला भिंग लावून ती एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसली होती. पडदेवाल्या बाईंनी काउंटरवर कागद पसरला, सगळं सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. त्या शब्दापाशी पोचायच्या आतच घड्याळवालीने हात वर केला.

“बस! तो शब्द आम्ही उच्चारत नाही. लिहिलेला असतो, पण लिहिलाय तसा म्हणायचा नसतो.”

“मग काय म्हणायचं?”

“प्रार्थनेत त्याऐवजी ‘प्रभू’ अशा अर्थाचा दुसरा शब्द घेतो. पण शिकवताना माझे वडील तोही घेत नसत. नुसते थांबायचे, एक श्वासभर. तुमचे मिस्टर त्यांच्याकडेच शिकले ना? मग तेही थांबत असणार.”

बाईंना दाढी करणारा नवरा आठवला. थांबत असे खरा! साबणाचा ब्रश हवेत धरून क्षणभर गप्प व्हायचा. आरशात एखादा राहिलेला केस शोधतोय असं तिला वाटायचं.

“इतका मान त्या नावाचा?”

“मान आहे, आणि जवळीकही आहे. सारखं तोंडात घ्यायचं नाही इतकंच.”

“कळलं,” बाई म्हणाल्या. “मीसुद्धा ह्यांना जन्मभर नुसतं ‘अहो’च म्हणत आलेय.”

घड्याळवाली डोळ्याचं भिंग काढून मोठ्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्या गालांना साबण लावला. वस्तरा मात्र अजून खालीच ठेवला. पहिली ओळ झाली. “एझ्री मेइम…” म्हणून ती थांबली. त्याचा डावा हात गुडघ्यावरून हलला नाही. न्हाणीघरात नळ ठिबकत होता. तिने श्वास घेतला आणि पुढचं म्हणणार, तेवढ्यात आरशातले साबणाने माखलेले ओठ हलले.

“ओसे शामायिम वाआरेत्स.”

आकाश आणि पृथ्वी घडवणारा. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, त्याच्या जुन्या आवाजात. ती टॉवेलात तोंड खुपसून रडली. लेक धावत आली, तिला वाटलं बाबा पडले.

थेरपिस्टलाही आनंद झाला, पण तिने हुरळून जाऊ दिलं नाही.

“काकू, हे बोलणं नव्हे. पाठांतर आहे. त्यात काही सांगायचा हेतू असेलच असं नाही.”

ते खरंच दिसत होतं. दाढीच्या वेळी दोन्ही ओळी यायच्या. पुढे पुढे तर पहिली ती म्हणायची आणि दुसरी तो. पण पाणी हवं असलं की पुन्हा ‘ता’. ‘अगं’ आलं नाही. तिने वाट पाहिली, ओठांकडे बघत तासन्‌तास बसली. मग एके दिवशी तिने ती पाटी आपणहून मागून घेतली आणि त्याच्या उशाशी ठेवली. भिंतीवरच्या कागदाखाली मात्र तिसऱ्या ओळीचा कागद लावला.

“रोज तेच तेच विचारतेस, ते तेच तेच सांगतात,” लेक म्हणाली. “कंटाळा नाही येत?”

“पूर्वी मी चहा घेणार का विचारायचे आणि ते ‘हं’ म्हणायचे. त्यापेक्षा हे बरंच लांबलचक आहे की!”

एका दुपारी घरात दोघंच होती. तो आतल्या खोलीत झोपला होता. ती बाहेर जाड पडद्याची किनार मारत होती आणि तिसऱ्या ओळीतला एक शब्द काही केल्या जिभेवर बसत नव्हता. मशीन घरघरत होतं. धाग्याचं रीळ संपलं म्हणून ते थांबलं, तेव्हा आतून काहीतरी ऐकू आलं. तो उठून बसायला गेला असावा आणि लुळ्या बाजूला कलंडला असावा. पाटी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग त्याचा आवाज, चालीवर नाही, नुसता.

“एझ्री.”

तिचा हात चाकावरच राहिला. दाढीची वेळ नव्हती. पुढची मागची ओळ नव्हती. दोन ओळींमधून उचललेला तेवढाच शब्द होता, माझी मदत.

“एझ्री!” त्याने पुन्हा हाक मारली, जरा घाईने, घरातल्या माणसाला मारतात तशी.

“आले, अहो, आले,” ती म्हणाली आणि मांडीवरचा पडदा तसाच खाली टाकून उठली.