उजव्या कडेचे दोरे

मास्तरांनी तारेवर नख मारलं. तार टणकन वाजली, तसे ते खूश झाले.

"ताण चांगला आहे," ते म्हणाले. "लावा बघू चालू."

"ट्रायल कशाला?" त्यांची बायको घाईघाईने म्हणाली. "चांगलंच असणार. घेऊन टाकू आणि निघू."

"तू गप गं. चपला घेताना दुकानभर चालून बघतेस, आणि इथे ट्रायल कशाला?"

दुकानदार हसला. त्याने काउंटरवर थर्माकोल कापायची तीन यंत्रं मांडली होती. एक पेनासारखं, टोकाला तार असलेलं. दुसरं धनुकलीसारखं, दोन दांड्यांमध्ये ताणलेल्या तारेचं. तिसरं फळीवर बसवलेलं, त्यात तार उभी आणि थर्माकोल सरकवायचा. तिन्हींची रीत एकच. वीज लागली की तार तापते आणि थर्माकोल चिरत जाते. मात्र हात अडला की तार तिथल्या तिथे खड्डा पाडते. कात्री थांबली तर कापड वाट बघतं, थर्माकोल बघत नाही.

मास्तर एक्केचाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटर होते. कापडाच्या वीस-वीस घड्या एका दमात कापायचे, आणि खडूच्या रेघेबाहेर कात्री गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली जुनी गल्ली थर्माकोलची करायला घेतली. खरी गल्ली रस्तारुंदीकरणात गेली होती. घराघराचं माप त्यांच्या डोक्यात होतं. चौतीस घरं उभी राहिली होती, आता कोपऱ्यावरचा कारखाना तेवढा उरला होता.

हात थरथरायला लागला तो गेल्या वर्षी. डॉक्टरांनी तीनदा गोळी वाढवली. या खेपेला वाढवली नाही, "आहे तेच चालू ठेवा" म्हणाले, आणि बाईला ते वाढवण्यापेक्षा वाईट वाटलं. हल्ली पाणी पितानाही त्यांना ठसका लागायचा.

सकाळी मास्तर कापायचे. भिंती वेड्यावाकड्या निघायच्या. जेवून ते एक ते तीन झोपले की बाई त्याच पेन्सिलीच्या खुणांवरून नवी भिंत कापायची, जुनीच्या जागी ठेवायची, आणि जुनी चुरून केराच्या डब्यात भाजीच्या देठांखाली दाबायची. संध्याकाळी चहा पिताना मास्तर भिंत उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "जमतंय अजून." त्या दोन शब्दांवर बाईचा दिवस निघायचा.

जुनं यंत्र तिच्यामुळेच जळलं होतं. आत खाटेवर मास्तर कूस बदलताना खोकले, आणि तिने घाबरून चालू यंत्रच घडी केलेल्या चादरीखाली सारलं. "म्हातारं झालं होतं ते," एवढंच मास्तर म्हणाले. आणि आता ती इथे उभी होती, भर दुकानात, जिथे केराचा डबाही नव्हता आणि दुपारची झोपही नव्हती. तिला मनापासून भीती वाटत होती.

मास्तरांनी आधी पेन घेतलं. दुकानदाराने थर्माकोलवर सरळ रेघ मारून दिली. तार तिच्यावरून निघाली आणि दोन बोटांच्या अंतरावरच लाटा काढायला लागली.

"हलकं आहे हे. हाताला वजन लागत नाही," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणते मी," बाई म्हणाली. "वजन हवं."

मग धनुकली. अर्ध्यावर हात अडकला, तिथे सुपारीएवढा खड्डा पडला आणि जळका वास सुटला.

"तापते फार."

"कमी करतो ना," दुकानदार बटण फिरवत म्हणाला. "नाहीतर काका, तुम्ही हे टेबलाचं बघा. इथे चुकायची सोयच नाही. पट्टीला टेकवायचं आणि सरकवायचं, बस्स. शेंबडं पोरही सरळ कापेल."

मास्तरांनी तुकडा पट्टीला टेकवला. डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि सरकवलं. तुकडा पट्टीवर ठकठक आपटत राहिला. शेवटी त्यांनी तो उचलला, कड डोळ्यांजवळ नेली, आणि बाजूला ठेवून दिला.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले.

दुकानदाराचं हसू मावळलं. तो उगाच काउंटर पुसायला लागला.

"आता तू काप," मास्तर बायकोला म्हणाले.

"मी? मला मेलीला काय येतंय त्यातलं!"

"काप म्हणतो ना."

तिने धनुकली उजव्या हातात घेतली आणि मुद्दाम, जमेल तितकी वाकडी कापली. मध्येच थांबून एक खड्डाही पाडला.

"बघा, माझंही तसंच," ती म्हणाली. "यंत्रातच खोट आहे. आपण दुसऱ्या दुकानात जाऊ."

"डाव्या हाताने काप."

"अहो..."

"घरी कापतेस तशी."

बाईने धनुकली खाली ठेवली. मास्तरांनी पिशवीतून भिंतीचा एक तुकडा काढला. किती जाडीचा थर्माकोल लागतो ते दाखवायला आणलेला, असं निघताना त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी तो तिच्यासमोर आडवा धरला. हातात तो हलतच होता, पण उजव्या कडेला लोंबणारे केसासारखे दोरे दिसत होते.

"तार जिथून बाहेर पडते, तिथे हे दोरे राहतात. मी उजवीकडून शिरतो, माझे डावीकडे राहतात. सहा महिने झाले, भिंत कुठलीही उचला, दोरे उजव्या कडेला. घरात डावखुरं कोण आहे? एक्केचाळीस वर्षं कापडाचे दोरे बघितलेत मी."

डोळ्यांत पाणी आलं तसं तिने पदराने नाक पुसलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू कापायची थांबली असतीस. गल्ली अर्धीच राहिली असती."

"आणि दुपारची झोप?"

"कसली झोप! दोन तास डोळे मिटून पडणं ही काय शिक्षा असते, तुला नाही कळायचं. लघवीला लागली तरी उठायची चोरी. त्या दिवशी खोकला आवरला नाही, तर तू यंत्रच जाळलंस."

ती हसली नाही. त्यांनीही हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

"कोपरा राहिलाय. कारखाना," ते म्हणाले. "तो चोरून नको. माझ्यासमोर काप. काप आता."

बाईने धनुकली डाव्या हातात घेतली. तार थर्माकोलात शिरली आणि न थांबता, रेघ न सोडता, पलीकडे निघाली. "वा!" दुकानदाराच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली. मास्तरांनी ती कड बोटाने चाचपली, फार वेळ चाचपली. मग त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले. उजवा खिसा हलत राहिला.

"धनुकलीच द्या," ते म्हणाले. "पण मूठ बारकी बघा, हिच्या हाताला बसेल अशी."

दुकानदाराने आतून लहान मुठीची धनुकली आणली, खोक्यात भरली आणि एक कार्ड पुढे ओढलं.

"दोन वर्षांची गॅरंटी आहे, काका. काही बिघडलं तर कार्डावर ज्यांचं नाव, त्यांनीच यायचं. कंपनीचा नियम आहे. काय नाव लिहू तुमचं?"

"दोन वर्षं?" मास्तरांनी विचारलं.

"पूर्ण दोन."

मास्तरांनी जरा हिशोब केल्यासारखं छताकडे पाहिलं.

"मग हिचं लिहा."

"काहीतरीच काय!" बाई म्हणाली. "तुमचंच लिहू दे. यंत्र तुमचं आहे."

"ज्याचं नाव, त्यानेच यायचं म्हणतायत ना ते."

दुकानदार पेन धरून थांबला. बाई पदराआडून आपलं नाव पुटपुटली. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मास्तरांनीच ते सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आणि लिहून होईपर्यंत ते कार्डाकडे बघत राहिले.