मास्तरांचा शेवटचा हात

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. शाळेच्या पुस्तकात मला कुंचला म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम एका काचेच्या पेटीत आहे. खाली मखमल आहे, शेजारी एक कार्ड आहे आणि त्यावर लिहिलं आहे, 'गुरूंनी दिलेला ब्रश'. बघणारे वाकून बघतात आणि म्हणतात, काय भाग्य! कसलं डोंबलाचं भाग्य? ऐका, म्हणजे कळेल.

माझे केस खारीच्या शेपटीचे. एका म्हातारीने खिडकीपाशी बसून ते निवडले, टोकाला टोक जुळवलं, दोऱ्याने आवळले आणि पितळी नळीत बसवले. चांगल्या ब्रशाचं टोक कात्रीने करत नाहीत, मित्रांनो. ते केसांचंच असतं. म्हातारीने मला पाण्यात बुडवून झटकलं, टोक पाहिलं आणि म्हणाली, "हा नाव काढेल." नाव काढलं मी. पण कोणाचं, ते पुढे येईलच.

चित्रकलेच्या एका मास्तरांनी मला विकत घेतलं. मास्तर वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं, मला ती सोय मिळाली नाही. मुलांवर त्यांचा फार जीव. पण त्यांच्या वर्गाचा एक रिवाज होता. कोणाचंही चित्र मास्तरांनी शेवटचा हात फिरवल्याशिवाय पूर्ण व्हायचं नाही. ते यायचे, "हं, सरक," म्हणायचे आणि आभाळात दोन पाखरं काढायचे, नाहीतर झाडाखाली सावली द्यायचे. मुलं खूश, आईबाप त्याहून खूश. फक्त एक मुलगी घाईघाईने चित्र घेऊन बाहेर पळायची आणि रंग ओला आहे तोवर मास्तरांची पाखरं फडक्याने टिपून काढायची. मास्तरांना याचा पत्ताच नव्हता. तिचा हात सगळ्यांत चांगला म्हणून त्यांनी मला तिला बक्षीस दिलं, आणि त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मी तिला 'ती'च म्हणणार. ब्रशाने आपल्या माणसाला अहो-जाहो करायचं नसतं.

पुढे ती मोठी झाली, दवाखान्यात नोकरीला लागली. दिवसभर खिडकीमागे बसून केसपेपर काढायची आणि घरी आली की जेवणाच्या टेबलावर बोर्ड टाकायची. काम झालं की मला धुऊन, टोक चिमटीत धरून नीट करून आडवा ठेवायची. इतक्या वर्षांत तिने मला पाण्यात उभं सोडलं नाही. उभा ठेवला की ब्रशाची मान मोडते.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. जलरंगात पांढरं म्हणजे कागद. जिथे पांढरं हवं तिथे काहीच करायचं नाही. आजूबाजूला रंग भरायचा आणि मधे हात आवरायचा. हे हात आवरणं शिकायला तिला निम्मं आयुष्य लागलं.

तिची आई गेली, त्यानंतर कितीतरी दिवस तिने आईचं चित्र काढायचा प्रयत्न केला. चेहरा जमेना. नाक बरोबर आलं तर नजर परकी वाटायची. कागदामागून कागद फुकट गेले. मग एकदा तिने स्वयंपाकघर काढलं. खिडकी, उपडी घातलेली भांडी, खुंटीवरचा ओला टॉवेल. आणि मधोमध, सिंकपाशी, आईची उभी आकृती नुसती कोरी सोडली. तिथे मी कागदाला शिवलोसुद्धा नाही. पण मित्रांनो, आई उभी होती! सगळा उजेड तिच्यातून येत होता.

तिचे वडील तिच्या भावाकडे राहायचे. ते काठी टेकत आले आणि चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. "हो, हीच," ते म्हणाले. "दिवसभर अशीच खिडकीपाशी. आपल्याकडे बघायला फुरसत कुठे होती तिला?" मग नाक ओढून म्हणाले, "हे प्रदर्शनात लाव हं. मी बघायला येणार. बाकीची चित्रं मला काय कळतात?"

तिचं ते पहिलंच प्रदर्शन. हे एक चित्र बाबांना तिथे, चांगल्या उजेडात, भिंतीवर दाखवायचं एवढंच तिच्या मनात होतं. बाकी सगळा खटाटोप त्या एका भिंतीसाठी.

उद्घाटन अर्थातच मास्तरांच्या हस्ते. आदल्या दिवशी सकाळी ते चित्रं बघायला घरी आले. बाकीची चित्रं फ्रेमवाल्याकडे गेली होती, आईचं तेवढं बोर्डावर होतं. मी शेजारीच होतो. तेवढ्यात फ्रेमवाल्याचा फोन आला, एका चित्राची काच तडकली म्हणून. ती म्हणाली, "सर, बसा हं. कोपऱ्यावरच आहे दुकान, आलेच मी. मग चहा टाकते."

मास्तर बसले. चित्र बघितलं. मान हलवली. "अरेरे, आईचं तोंडच राहिलंय की! घाई झाली असणार पोरीला." आणि मला उचललं.

मी काय करणार? ब्रशाला पाय नाहीत, तोंड नाही. त्यांनी मला पाण्यात बुडवलं, पॅलेटवरच्या तपकिरीत घोळवलं आणि त्या कोऱ्या जागेत नेलं. त्यांनी डोळे काढले, हसरे ओठ काढले, कपड्यांना हिरवा रंग दिला. हात अजून पक्का होता, हे मान्य करायला हवं. मग मला पेल्यात उभा टाकून ते हात धुवायला गेले.

ती परत आली आणि दारातच थांबली.

रंग ओला होता. चकाकत होता. मी पेल्यातून जीव तोडून मनात ओरडत होतो, टीप, अगं, टीप लवकर! आत्ता निघेल! तिने फडकं उचललंही. इतक्यात मास्तर हात पुसत आले आणि चित्रासमोर खुर्ची ओढून बसले.

"काय? आली की नाही आई? काल झोप नव्हती मला, माझ्या पोरीच्या प्रदर्शनाला काय द्यावं म्हणून. म्हटलं, शेवटचा हात तरी देऊ."

ती फडकं घट्ट धरून उभी होती.

"बोल की गं."

"छान झालंय, सर."

"मग टाक चहा!"

तिने चहा टाकला. मास्तर रंगात आले. जुने वर्ग, जुनी मुलं, कोण कुठे पोचलं. एक कप झाला, "अर्धा अजून दे" झालं. ती स्वयंपाकघरातून कागदाकडे बघत होती. आधी ओठ वाळले. मग डोळ्यांची चकाकी गेली. कपड्यांचा हिरवा सगळ्यात चिवट, तो मुरत मुरत कागदाच्या पोटात गेला. लहानपणी जी पोर पाखरं टिपायला पळायची, ती आता केस पिकल्यावर मास्तरांसमोर ब्र काढू शकली नाही. मला तिचा राग आला. अजूनही येतो.

मास्तर गेल्यावर तिने मला स्वच्छ पाण्यात बुडवून तो चेहरा घासला. कागदाचा लगदा निघायला लागला, माझे केस विस्कटले, पण पांढरं काही परत आलं नाही. शेवटी तिने मास्तरांचेच रंग पुन्हा लावून जागा सारखी केली. फ्रेमवाला दारात उभाच होता.

प्रदर्शन थाटात झालं. मास्तरांच्या हट्टाने मलाही या पेटीत घातलं. ते भाषणात म्हणाले, "शिष्य कितीही मोठा होवो, शेवटचा हात गुरूचाच!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आईच्या चित्रापुढे गर्दी हटेना. "किती जिवंत!" "आता बोलेल असं वाटतं!" पहिली लाल टिकली त्याच चित्राला लागली, म्हणजे ते विकलं गेलं. बघा, म्हातारीचं भाकीत खरं झालं.

गर्दी ओसरल्यावर बाबा आले. काठी टेकत प्रत्येक भिंतीशी गेले, चष्मा पुसून पुसून बघत. शेवटी आईच्या चित्रापुढेच उभे राहिले, त्यातल्या हसऱ्या बाईकडे परक्यासारखं बघत. ती त्यांच्या शेजारी, हात पाठीमागे बांधून.

"चांगली आहेत सगळी," बाबा म्हणाले. "पण आईचं कुठे लावलंस?"

तिने लाल टिकलीकडे पाहिलं.

"ते गं, आपलं स्वयंपाकघर. आई होती ना त्यात, ते."

"ते आणलं नाही, बाबा."

"का?"

"वाळलं नव्हतं."

"असं होय!" बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "वाळू दे मग. घाई नको करूस. मी घरी येऊन बघेन."

अजून ते फोनवर विचारतात, "वाळलं का गं?" ती म्हणते, "नाही, बाबा." त्यानंतर तिने कागद ओला केलेला नाही आणि पेटी प्रदर्शनातून तिच्या घरी आली तरी मीही तिच्याबाहेर आलेलो नाही.

तर मित्रांनो, ब्रश वापरलात तर धुऊन आडवा ठेवा, पेल्यात उभा सोडू नका. दुसऱ्याच्या चित्रात कोरी जागा दिसली तर भरायच्या आधी विचारा. आणि तुमच्या चित्रावर कोणी हात फिरवला, मग तो कितीही मोठा असो, कितीही मायेचा असो, तर आधी फडकं उचला आणि टिपा. चहा मागाहूनही करता येतो.